डिसेंबरातलं गुलमर्ग : पडलेला बर्फ आणि बसलेला बर्फ

ठाण्यातल्या नोकरदार घराला स्कीइंगसाठी सलग आठ दिवस मिळतात ते नाताळातच. शाळा बंद असतात, ऑफिसात वर्षअखेरीची रजा शिल्लक असते आणि दिवाळीत नातेवाइकांकडे जाऊन झालेलं असतं. गुलमर्गचा भरवशाचा हंगाम मात्र जानेवारीच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि फेब्रुवारीभर चालतो. म्हणजे आपण पोचतो ते हंगामाच्या तोंडावर. तेव्हाही उत्तम स्कीइंग होऊ शकतं, फक्त बर्फाकडे थोडं वेगळ्या नजरेनं बघावं लागतं.

मुरबाड-शहापूरकडे ज्यांची शेती आहे त्यांना हे पटकन कळेल. पहिला पाऊस झाला म्हणून कुणी भाताची लावणी करत नाही. जमीन पोटापर्यंत भिजावी लागते, पाणी धरावं लागतं, चिखलणी व्हावी लागते. बर्फाचंही तसंच आहे. रात्रीत फूटभर पडलेला ताजा बर्फ म्हणजे पिंजलेला कापूस, त्यात बहुतेक हवाच असते. साधारणपणे दहा सेंटिमीटर ताज्या बर्फाचं पाणी केलं तर एक सेंटिमीटर भरतं. त्यावर तुमचं वजन आलं की तो दबतो आणि स्की थेट खालच्या गवतावर नाही तर दगडावर टेकते. दोन-तीनदा बर्फ पडून, स्वतःच्या वजनानं आणि थंडीनं दबून जो थर तयार होतो तो ‘बेस’. स्कीइंग होतं ते बेसवर. बर्फ पडणं वेगळं आणि बर्फ बसणं वेगळं. पुढचं सगळं याच एका फरकाभोवती आहे.

हा फरक मी गुडघा देऊन शिकले. काही वर्षांपूर्वी व्हॉट्सअॅपवर आलेला पांढऱ्याशुभ्र गुलमर्गचा व्हिडिओ बघून आम्ही चौघांनी घाईनं तिकिटं काढली. पोचलो तर खरंच वीतभर ताजा बर्फ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अगदी सोप्या उतारावर माझी डावी स्की खाली दडलेल्या दगडाला लागून जागच्या जागी थांबली. मी थांबले नाही. बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग सुटलं नाही आणि गुडघा फिरला. मागून आलेला इन्स्ट्रक्टर एवढंच म्हणाला, “मैडम, नीचे बेस नहीं है.” त्यानंतर नौपाड्यातल्या फिजिओथेरपिस्टकडे तीन महिने चकरा. तो उतार सोपाच होता आणि मीही वेगात नव्हते, म्हणून हे सगळं इतक्या तपशिलानं लिहिते आहे.

तारखा ठरवताना

काश्मीरचा हिवाळा तिथले लोक तीन तुकड्यांत मोजतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलां, मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. नाताळची सुट्टी पडते ती चिल्लई कलांच्या पहिल्याच आठवड्यात. कडाक्याची थंडी तेव्हा नक्की असते, पण थंडी म्हणजे बर्फ नव्हे. बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूनं इराण-अफगाणिस्तान ओलांडून येणाऱ्या या प्रणाली हिमालयाला अडतात आणि दोन-तीन दिवस बर्फ टाकून पुढे सरकतात. त्या आल्या नाहीत तर आकाश निळंशार, रात्री उणे आठ आणि कुरणं पिवळी, असा कोरडा हिवाळा जातो. जानेवारी २०२४ तसाच गेला. महिना संपत येईपर्यंत गुलमर्ग उघडंबोडकं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या. भर हंगामात ही गत होत असेल, तर डिसेंबरात खात्री कुणीच देऊ शकत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. पहिल्यांदाच शिकायचं असेल आणि रजेचं जमत असेल, तर नाताळ सोडा आणि २६ जानेवारीला जोडून जा. जमत नसेल तर २४-२५ डिसेंबरपेक्षा सुट्टीच्या शेवटाकडे सरका, प्रत्येक दिवस बेसच्या बाजूनं जातो. हॉटेल घेताना ‘तारीख बदलून मिळेल का’ हे आधी विचारा, भाव नंतर. आणि मुक्कामात किमान दोन दिवस मोकळे ठेवा. विक्षोभ आला तर श्रीनगरचं विमान रद्द होतं आणि टंगमर्ग ते गुलमर्ग हा तेरा किलोमीटरचा घाट बंद होतो. हे गृहीत धरूनच बेत आखायचा.

घरी बसून बर्फ कसा वाचायचा

निघण्याआधीचे दहा दिवस रोज पंधरा मिनिटं द्या. फॉरवर्ड झालेले व्हिडिओ बाजूला ठेवा, ते कुठल्या वर्षाचे आहेत हे कळायला मार्ग नसतो.

सर्वांत खरं बोलतात ते उपग्रह. नासाच्या वर्ल्डव्ह्यू या मोफत संकेतस्थळावर रोजचं चित्र मिळतं. साध्या रंगात ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे दिसतात, म्हणून तिथला ७-२-१ हा कृत्रिम रंगांचा थर लावा. बर्फ निळसर-हिरवट दिसतो आणि खालच्या थरातले ढग पांढरे राहतात. गुलमर्ग जिच्यात आहे ती पीर पंजालची रांग शोधा आणि आठवडाभरात तो निळा पट्टा खाली उतरतोय की वर सरकतोय ते बघा. आणखी बारकाईनं बघायचं तर युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं आहेत. ती दर पाच दिवसांनी येतात, पण त्यात दहा मीटरपर्यंतचं दिसतं. गुलमर्गचं गोल्फ मैदान पांढरं आहे की भुरं, हे आकाश निरभ्र असलेल्या दिवशी घोडबंदर रोडवरच्या तुमच्या फ्लॅटमधून कळतं.

चित्रात खोली मात्र कळत नाही. त्यासाठी फोन करा. हॉटेलवाल्याला “बर्फ आहे का?” असं विचारलं तर उत्तर कायम “है, है, आ जाओ” असंच येतं. त्याची चूक नाही, बर्फ असतोच. प्रश्न बदला. गोल्फ मैदानावर गवताची टोकं दिसतात का? शेवटचा बर्फ कधी पडला आणि त्याआधीचा किती शिल्लक होता? नवशिक्यांच्या उतारावरची लिफ्ट चालू झाली का? गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, पहिल्या टप्प्यावर कोंगडोरीला किती आहे? एखाद्या इन्स्ट्रक्टरचा नंबर मिळाला तर त्याला विचारा, त्याचे पाय रोज त्या बर्फावर असतात.

उंचीचा हिशोबही लक्षात असू द्या. गुलमर्गचं कुरण सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा, जो १९९८ मध्ये सुरू झाला, तुम्हाला कोंगडोरीला सुमारे ३,०८० मीटरवर नेतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या आसपास. दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांच्या आसपास उतरतं. त्यामुळे सुरुवातीच्या हंगामात वर कमरेइतका आणि खाली घोट्याइतका असं सर्रास होतं. वरचा फोटो बघून खालचा अंदाज बांधू नका. जमीनही वेगळी आहे. खालचं कुरण गवताळ आणि सपाट, तिथे फूटभर दबलेला बर्फ नवशिक्याला पुरतो. कोंगडोरीच्या वर दगड आहेत, झुडपं आहेत, ओहोळ आहेत. तिथे मी मीटरभर बेस असल्याशिवाय उतरत नाही.

पाय तयार करणं

दिवाळीचा फराळ संपला की सुरुवात करा, सहा आठवडे पुरतात. आपण ट्रेकर मंडळी चढाईचा दम कमावतो, पण स्कीइंगमध्ये सगळं काम उतरण्याचं असतं. मांडीचे स्नायू ताणत-ताणत वजन धरतात. म्हणून इमारतीचा जिना चढायला लिफ्ट घ्या आणि उतरायचा पायी, सावकाश, गुडघे किंचित वाकवून. दहा मजले, आठवड्यातून चार वेळा. उपवनपासून येऊरचा रस्ता चढणाऱ्यांनीही उतरताना धावायचा मोह टाळावा आणि संथ उतरावं. नवी मुंबईकरांना हेच खारघरच्या टेकडीवर करता येईल.

भिंतीला पाठ टेकवून अदृश्य खुर्चीत बसणं हा दुसरा व्यायाम. तीस सेकंदांपासून दीड मिनिटापर्यंत न्या. तिसरा म्हणजे एका पायावर उभं राहून दात घासणं. घोट्याचा तोल यानं फार सुधारतो. मुलांना कॉलनीतल्या स्केटिंगच्या क्लासला घातलं असेल तर ती बर्फावर तुमच्या दुप्पट वेगानं शिकतील.

बॅगेत काय

लोकरीचे जाड मोजे दोन-दोन घालायची आपली सवय स्की बुटात घात करते. बूट घट्ट होतो, रक्त खेळत नाही आणि पाय आणखी गार पडतात. एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा घाला आणि कोरडी जोडी बॅगेत ठेवा. अंगाला सुती बनियन नको, घामानं भिजतं आणि वाळत नाही. थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट. हातमोजे जलरोधक हवेत, सुरुवातीला दिवसातून पन्नासदा हात टेकतात. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणं ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून गॉगल आणि सनस्क्रीन लागतंच. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांजवळही लावा, ऊन तिथे खालून येतं.

खाऊ म्हणून चिक्की नेऊ नका, उणे पाचात ती दगड होते आणि दात हलतो. डिंकाचे किंवा खजुराचे लाडू आतल्या खिशात ठेवले तर मऊ राहतात. आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, घरात एकाचं तरी पोस्टपेड असू द्या. प्रवास विमा काढताना स्कीइंग त्यात धरलं आहे का ते वाचा. बऱ्याच पॉलिसी साहसी खेळ वगळतात. गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधीच काढावं लागतं आणि नाताळात ते लवकर संपतं.

पहिला दिवस

ठाणे समुद्रसपाटीला. सकाळी घरून निघून संध्याकाळी तुम्ही २,६५० मीटरवर झोपता. पहिल्या दिवशी अफरवट नको, कितीही आकाश स्वच्छ असलं तरी. पाणी प्या, काहवा प्या, कुरणात फिरा. डोकं दुखून मळमळायला लागलं आणि विश्रांतीनं थांबत नसेल तर खाली उतरा.

ही संध्याकाळ बर्फ बघण्यात घालवा. स्कीची काठी घ्या, उलटी करा आणि मुठीच्या बाजूनं सावकाश बर्फात दाबा. हाताला काय लागतं त्यावर पूर्ण लक्ष द्या. वर मऊ, मग हळूहळू घट्ट होत जाणारा आणि शेवटी काठी अडते, तर बेस चांगला बसतो आहे. वर मऊ आणि लगेच खट्कन जमीन, तर अजून वाट बघायची. तिसरा प्रकार फसवा. वर पापडासारखा कडक थर, तो फुटला की काठी एकदम रिकाम्यात गेल्यासारखी खाली जाते. तिथला बर्फ मुठीत घेऊन दाबा. त्याचा गोळा होत नाही, जाड्या रव्यासारखे दाणे बोटांतून गळतात. बर्फाचा थर पातळ आणि वरची हवा अतिथंड असली की जमिनीची ऊब वाफ होऊन वर सरकते आणि खालच्या बर्फाचे असे सुटे दाणे होतात. डिसेंबरात हे हमखास घडतं. सपाट कुरणावर त्यानं फार बिघडत नाही. तीव्र उतारावर मात्र पुढे पडणारा सगळा बर्फ या रव्यावर उभा राहतो. त्याबद्दल खाली लिहिते.

साहित्य भाड्यानं घेताना

इथे घाई करू नका, अर्धा तास गेला तरी चालेल. बुटात पाय घालून सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे आणि गुडघे पुढे वाकवले की सुटला पाहिजे. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. पँटचा किंवा थर्मलचा काठ बुटात अडकला तर नडगीवर वळ उठतो, आत फक्त मोजा हवा. स्कीची उंची नवशिक्याला छाती ते हनुवटीच्या दरम्यान. उभी करून तळ बघा. सुरुवातीच्या हंगामात ओरखडे असणारच, पण धातूची कड उपटलेली किंवा तळाला खोल खड्डा असेल तर बदलून मागा. जाणकार मंडळी या दिवसांत दगडांसाठी म्हणून जुनी जोडी बाजूला ठेवतात. तुम्हाला झगमगीत नवी जोडी मिळाली नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

बाइंडिंगवर मात्र तडजोड नाही. पडल्यावर बूट स्कीपासून सुटला पाहिजे, माझा गुडघा गेला तो तेवढ्यासाठीच. दुकानदाराला वजन, उंची, वय आणि ‘मी नवीन आहे’ हे सांगा आणि बाइंडिंगवरचा आकडा तुमच्यासमोर बसवून घ्या. मग बूट अडकवून, दुसऱ्याला स्की धरायला लावून, पायाला पीळ द्या. पुरेसा जोर दिल्यावर सुटलं तर ठीक. अजिबात सुटत नसेल तर ती जोडी परत. हेल्मेट घ्याच.

उतारावर

आधी पायी. नवशिक्यांच्या उतारावर वरून खाली एकदा चालत जा आणि काळे ठिपके, गवताचे पुंजके, ओल्या जागा मनात नोंदवा. बर्फात एकटाच गोल फुगवटा दिसला तर खाली दगड किंवा खुंट आहे असंच समजा. सूर्याकडे तोंड केलेल्या बाजूला बर्फ आधी झिजतो, झाडांच्या सावलीतला टिकतो. कुंपणाजवळ आणि वाऱ्याच्या आडोशाला तो साठतो. अशी शंभर फुटांची एक चांगली पट्टी सापडली की दिवसभर तीच वापरा. दहा पट्ट्या शोधत फिरण्यापेक्षा एकीवर पन्नास फेऱ्या मारणारा जास्त शिकतो.

वेळही सांभाळा. सकाळी नऊला रात्री गोठलेला बर्फ काचेसारखा टणक असतो. साडेदहानंतर वरचा थर किंचित सैलावतो आणि स्कीची कड त्यात रुतते. ते दोन-अडीच तास सोन्यासारखे. दुपारी उन्हाच्या बाजूला बर्फ गोळेवाल्याच्या चुऱ्यासारखा ओला होतो, स्की चिकटते, मांड्या थकलेल्या असतात आणि बहुतेक लोक पडतात ते तेव्हा. दोनला थांबा.

शिकताना इन्स्ट्रक्टर आधी स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या लांब ठेवायला सांगेल, फाळासारखी. याच आकारात वेग कमी करता येतो. वजन पुढे, नडगी बुटाच्या पुढच्या भिंतीवर टेकलेली. भीती वाटली की माणूस मागे बसतो आणि मागे बसला की स्की हातातून जाते. गुडघ्याच्या बऱ्याच दुखापती अशा मागे झुकून पडण्यात होतात आणि पातळ बर्फावर माकडहाडाखाली दगडच असतो. पडायचंच असेल तर कुशीवर, चढाच्या बाजूला. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करून तुमच्या खालच्या बाजूला आणा, मग हात टेका.

इन्स्ट्रक्टरशिवाय पहिले तीन दिवस नकोतच. नीट शिकायचं तर गुलमर्गची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिचे निवासी कोर्स कधी आहेत ते हंगामाआधी बघून ठेवा.

जिथे जायचं नाही

गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून खाली उतरणं हे नवशिक्याचं काम नाही, भर हंगामातही नाही. तिथले उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचे आहेत आणि बहुतेक हिमस्खलनं याच कोनात होतात. तो रव्यासारखा थर आठवा. डिसेंबरचा रवा जानेवारी-फेब्रुवारीतही खाली तसाच राहू शकतो आणि वर मीटरभर नवा बर्फ आला की सगळं घेऊन घसरू शकतो. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या उतारांवर पोलंडचे दोन स्कीपटू हिमस्खलनात गेले, २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन. अनुभवी लोक तिथे शोधयंत्र, लांब सळई आणि फावडं घेऊन, स्की पेट्रोलचं, म्हणजे उतारांवर लक्ष ठेवणाऱ्या पथकाचं, पत्रक वाचून आणि गाइड घेऊन उतरतात. मोठ्या हिमवर्षावानंतरचा पहिला निरभ्र दिवस सर्वांत मोहक आणि वर सर्वांत धोक्याचा. त्याच दिवशी खालचं कुरण नवशिक्यासाठी स्वर्ग असतं. तिथेच राहा.

बर्फ आलाच नाही तर

पोचलात आणि कुरण पिवळं आहे, असंही होईल. कुणी कोंगडोरीला बर्फाच्या दोन पट्ट्यांवर स्की घालून फोटो काढायचा आग्रह करेल. दगडांवरून घसरून गुडघा पणाला लावण्याइतकं ते मोलाचं नाही. त्याऐवजी गोंडोलानं वर जाऊन बर्फ हाताळा, मुलांना काठीनं थर मोजायला शिकवा, खिलनमर्गपर्यंत चालत जा. टंगमर्गजवळचा द्रुंगचा धबधबा कडाक्याच्या थंडीत गोठतो आणि कोरड्या हिवाळ्यातही बघायला मिळतो. कड्यावरून उतरलेले बर्फाचे जाड सुळके आणि त्यांच्या आतून वाहणाऱ्या पाण्याचा बारीक आवाज. आम्ही तिथे तासभर उभे होतो.

परतीच्या आदल्या रात्री बर्फ सुरू झाला तर गाडी ठरवायला सकाळची वाट बघू नका. चाकांना साखळी लावलेल्या गाडीचं रात्रीच ठरवा, उजाडताच टंगमर्गला उतरा आणि विमानाच्या वेळेच्या कितीतरी आधी श्रीनगर गाठा.